चतुर प्राण्यांच्या लोककथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठकप्राण्याची गोष्ट नेमकी कशाला म्हणायची?

प्राणी बोलतो एवढ्यावर भागत नाही. बळाने कमी पडणारा प्राणी, त्याची अडचण किंवा हाव, त्याने मारलेली थाप, आणि ती थाप गळी उतरावी अशी समोरच्याची भूक, भीती नाहीतर घमेंड, एवढं जुळून आलं की ती ठकाची गोष्ट. यातला शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि पुन्हा सांगताना नेमका तोच गळतो. सिंह विहिरीत उडी घेतो ती ससा फार हुशार म्हणून नव्हे. आपल्या जंगलात दुसरा सिंह शिरला आहे ही कल्पनाच त्याला सोसवत नाही म्हणून.

शंका असेल तर गोष्टीतून थाप वजा करून पाहा. तरीही शेवट तोच येत असेल, तर ती साधी नीतिकथा आहे.

मग ससा-कासवाची शर्यत यात बसते का?

इसापाची बसत नाही. तिथे कासव कुणालाच फसवत नाही. ससा झोपतो आणि हरतो. पण याच शर्यतीचं दुसरं रूप जगभर सापडतं आणि ते अस्सल ठकाचं आहे. त्यात कासव आपल्यासारखेच दिसणारे भाऊबंद वाटेत जागोजागी आणि शेवटच्या टप्प्यावर बसवून ठेवतं. पळणारा जिथे पोचतो तिथे कासव आधीच हजर. आफ्रिकेत आणि अमेरिकेत हेच रूप जास्त चालतं.

ग्रिम बंधूंनी १८४३ च्या आवृत्तीत घेतलेल्या जर्मन कथेत कासवाच्या जागी साळू (हेजहॉग) आहे. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला त्याची बायको. ससा दोघांमध्ये धावत राहतो आणि चौऱ्याहत्तराव्या फेरीला कोसळून मरतो. मुलांसाठी लिहिताना हा मृत्यू बहुतेक जण गाळतात. गाळा, पण मग फेऱ्यांचा आकडा तरी मोठा ठेवा. दोन फेऱ्यांत दमणारा ससा कुणाला पटणार?

लोककथांना क्रमांक देणारं एक वर्गीकरण आहे (ते कसं वापरायचं ते पुढे येईल). त्यात पहिल्या रूपाचा क्रमांक २७५ए, दुसऱ्याचा २७५सी. दोन्ही एकत्र शिवून ‘मूळ कथा’ म्हणून सांगणं ही नेहमीची चूक.

कोणत्या भागात कोणता प्राणी ठक असतो?

घानाच्या अकान लोकांत अनान्सी हा कोळी, नायजेरियाच्या योरुबांत इजापा हे कासव. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत ससा: स्वाहिलीत सुंगुरा, झांबिया-मलावीकडे कलुलू. मलय आणि इंडोनेशियन कथांत कांचिल, म्हणजे पिसोरी हरीण. मध्ययुगीन युरोपात रेनार हा फॉक्स, ब्राझीलमध्ये जाबुती कासव, जपानमध्ये रूप पालटणारे कित्सुने (फॉक्स) आणि तानुकी (रॅकून डॉग). उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला कायोटी हा लांडग्याच्या कुळातला प्राणी, वायव्य किनाऱ्यावर रेव्हन हा मोठा कावळा, लाकोटांकडे इक्तोमी हा कोळी. भारतात कोल्हा आघाडीवर, पाठोपाठ ससा आणि माकड.

तुलना करताना एक सांभाळा: मराठी भाषांतरांत युरोपातला फॉक्स आणि इथला जॅकल दोघेही ‘कोल्हा’च होऊन बसतात.

हेच प्राणी का?

बहुतेक आकाराने लहान आहेत, हे उघड कारण. पण कायोटी आणि रेव्हन तेवढ्याने सुटत नाहीत. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९५५ मध्ये मांडलेलं उत्तर अजून चर्चेत आहे: हे दोघे मेलेलं खातात. शिकाऱ्यासारखं मांस खायचं, पण शिकार करायची नाही, गवत खाणारे करत नाहीत तशी. दोन्ही गटांच्या मधला, कुठेच धड न बसणारा प्राणी. कोल्ह्यालाही हे लागू पडतं. सिंहाच्या उष्ट्यावर जगणारा कोल्हा पंचतंत्रात पदोपदी भेटतो. कासवाला आणि सशाला मात्र ते लावायला गेलं की ओढाताण होते. एका किल्लीने सगळी कुलपं उघडायचा हट्ट नको.

एकच गोष्ट इतक्या ठिकाणी कशी पोचली?

काही वाटा कागदोपत्री सापडतात. इराणचा राजा खुस्रो पहिला (५३१–५७९) याच्या काळात बुर्झोय या वैद्याने पंचतंत्र पहलवी या जुन्या इराणी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं आणि करटक-दमनक हे कोल्हे कलीला-दिमना झाले. तिथून हिब्रू, तेराव्या शतकात लॅटिन, पुढे छापील जर्मन, आणि १५७० मध्ये टॉमस नॉर्थचं इंग्रजी भाषांतर. दुसरी वाट गुलामांच्या जहाजांची. अनान्सी जमैका, सुरिनाम आणि कुरासाओला पोचला तो पळवून नेलेल्या माणसांच्या तोंडूनच.

थिओडोर बेनफाय या जर्मन पंडिताने १८५९ मध्ये पंचतंत्राचं भाषांतर करताना जगातल्या बहुतेक कथांचं माहेर भारत असल्याचं मांडलं. ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ असं सांगताना त्याचा हवाला नेहमी देतात. पण प्राणिकथांना त्याने या दाव्यातून वगळलं होतं. त्या बहुतांशी ग्रीकांकडून पूर्वेला आल्या असं त्याचं मत होतं. हवाला द्यायचा तर पुरा द्यावा.

दोन गोष्टी नात्यातल्या आहेत की योगायोगाने सारख्या, हे कसं ओळखायचं?

ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही असे तपशील मोजा. ‘लहान प्राणी मोठ्याला फसवतो’ हे कुणालाही, कुठेही सुचेल. ‘काळीज झाडावर टांगून आलो’ हे दोघांना वेगवेगळं सुचण्याची शक्यता कमी. असे दोन-तीन तपशील त्याच क्रमाने आले तर नातं धरायला हरकत नाही. एकच जुळत असेल तर थांबा. प्राणी सारखा असणं हा पुरावाच नव्हे, कारण गाव बदललं की सगळ्यांत आधी प्राणी बदलतो.

माकड आणि मगरीची कथा किती जुनी, आणि कुठे कुठे सापडते?

पंचतंत्राच्या चौथ्या तंत्राची ही मुख्य कथा. जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, ती २०८ क्रमांकाला आहे. पंचतंत्रातला वानर जांभळाच्या झाडावर राहतो आणि ‘हृदय झाडाच्या ढोलीत ठेवलंय’ म्हणतो. जातकातला वानर पलीकडच्या उंबराकडे बोट दाखवतो आणि लगडलेली फळंच काळजं म्हणून खपवतो. दुसरी थाप मला जास्त पक्की वाटते, कारण मगरीला ‘पुरावा’ डोळ्यांसमोर दिसतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मगरीऐवजी शार्क आहे. जपानमध्ये माकडाचं यकृत हवं असतं आणि गुपित फोडणाऱ्या जेलीफिशला मार बसून तिची हाडं जातात.

कोरियातला दाखला सगळ्यांत रंगतदार. तिथे ससा आहे, कासव त्याला समुद्रात नेतं, आणि नागराजाच्या आजारी मुलीसाठी त्याचं यकृत पाहिजे आहे. ११४५ मध्ये तयार झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात ही गोष्ट एका प्रसंगात येते. ६४२ साली सिल्ला या कोरियन राज्याचा किम चुन-चू मदत मागायला गोगुर्यो या दुसऱ्या कोरियन राज्यात गेला. तिथल्या राजाने आधी जमीन परत मागितली आणि त्याला अडकवून ठेवलं. किमने एका दरबाऱ्याला कापडाची भेट दिली. दरबारी जेवायला आला आणि प्यायल्यावर त्याने सहज म्हणून ही गोष्ट सांगितली. किम काय ते समजला. ‘परत गेलो की जमिनीचं बघतो’ असं त्याने राजाला कळवलं, सुटला, आणि हद्दीवर पोचल्यावर म्हणाला की जमीन देणं माझ्या हातात कुठे आहे. माकडाने मगरीला दिलेलंच उत्तर.

डांबराच्या बाहुलीची कथा आफ्रिकेची की भारताची?

चिकट बाहुलीला मारायला जाऊन ठक तिलाच चिकटून बसतो, ती ही कथा. वाद जुना आहे. अमेरिकेतली प्रसिद्ध आवृत्ती जोएल चँडलर हॅरिस यांनी १८८० मध्ये पुस्तकात छापली, पण ती त्यांनी रचलेली नव्हे. गुलामगिरीतून आलेल्या काळ्या कथेकऱ्यांची ती आहे. लोककथांचे अभ्यासक ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी १९३० मध्ये १५२ आणि १९४३ मध्ये २६७ रूपं तपासली आणि मूळ भारतात असल्याचं मत दिलं. त्यांचा आधार ‘पाच ठिकाणी अडकणं’ हा होता. ५५ व्या जातकात राजपुत्र चिकट केसांच्या यक्षावर उजवा हात मारतो, तो चिकटतो. मग डावा हात, उजवा पाय, डावा पाय आणि शेवटी डोकं. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात तर शिकाऱ्याने लावलेल्या चिकात माकडच अडकतं, चार पंजे आणि पाचवं तोंड.

आफ्रिकेकडचा पुरावाही कमी नाही. तिथे या कथेला एक पक्का आरंभ आहे जो भारतीय रूपांत नाही: दुष्काळ, सगळे प्राणी मिळून विहीर खणतात, ससा अंग चोरतो आणि रात्री पाणी चोरतो. म्हणून चोर धरायला बाहुली. अमेरिकेतली रूपं या सांगाड्याच्या जास्त जवळची आहेत, त्यामुळे ती आफ्रिकेतूनच आली हे बहुतेकांना मान्य आहे. त्याआधी काय झालं, यावर मतभेद.

आणखी एक घोटाळा टाळा. ‘हवं ते करा, पण त्या काटेरी झुडपात टाकू नका’ ही सुटका वेगळा कथाबंध आहे, म्हणजे गोष्टीगोष्टींतून फिरणारा सुटा तुकडा, बाहुलीशी नंतर जोडलेला. इतर कथांत हीच विनवणी कासव करतं: ‘मला पाण्यात तेवढं बुडवू नका!’

अनान्सीने सगळ्या गोष्टी विकत कशा घेतल्या?

रॉबर्ट रॅट्रे यांनी १९३० मध्ये छापलेल्या अशांती (अकानांपैकीच एक लोक) कथांत याचे तपशील आहेत. जगातल्या कथा आकाशदेव न्यामेच्या असतात. अनान्सी त्या विकत मागतो तेव्हा न्यामे किंमत सांगतो: अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या आणि मोआतिया ही वनपरी. अजगरासाठी अनान्सी ताडाची फांदी आणि वेल घेऊन जातो आणि ‘अजगर मोठा की फांदी’ असं मोठ्याने पुटपुटतो. अजगर मापासाठी स्वतःच फांदीलगत आडवा होतो आणि बांधला जातो. गांधीलमाश्यांसाठी तो अर्धं पाणी त्यांच्यावर आणि अर्धं स्वतःवर ओततो, डोक्यावर केळीचं पान धरतो आणि ‘पाऊस आलाय, या भोपळ्यात शिरा’ म्हणतो. स्वतः भिजणं हाच त्या थापेचा जीव. ते गाळलं की माश्या मूर्ख ठरतात. बिबट्यासाठी खड्डा. परीसाठी चिकाने माखलेली बाहुली, हातात कुटलेल्या सुरणाची वाटी. परी खाते, आभार मानते, उत्तर येत नाही म्हणून चापट मारते.

यातल्या बऱ्याच युक्त्या अनान्सीच्या नव्हेत. त्याची बायको आसो सुचवते आणि तो करतो. लहान पुस्तकांतून आसो सर्रास गायब असते, हे मला खटकतं.

मगरी मोजत नदी ओलांडायची युक्ती जपानची की इंडोनेशियाची?

दोन्हीकडची. जपानच्या ७१२ सालच्या ‘कोजिकी’त इनाबाचा ससा ‘वानी’ नावाच्या जलचरांना म्हणतो, तुमचं कूळ मोठं की माझं ते मोजू या, रांगेत पडा. ओकी बेटापासून किनाऱ्यापर्यंत तो एकेकाच्या पाठीवरून उड्या मारत येतो. वानी म्हणजे मगर की शार्क, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कांचिलच्या गोष्टीत राजाचा हुकूम असतो: मेजवानी वाटायची आहे, मोजणी करायची आहे.

फरक एका उडीचा आहे. कांचिल पलीकडच्या काठावर पाय टेकल्यावर मगरींची टर उडवतो. इनाबाचा ससा शेवटच्या पाठीवर असतानाच ‘फसलात की नाही!’ म्हणून मोकळा होतो, आणि तो शेवटचा वानी त्याला पकडून सोलून काढतो. इथून पुढे ती गोष्ट ठकाची उरत नाही, सशाला बरं करणाऱ्या देवाची होते.

‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही यातलीच का?

हो, जवळची चुलत बहीण. ठक इथे प्राणी नसून म्हातारी आहे, पण थाप तीच: आत्ता खाऊन काय मिळणार, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. क्रमांक १२२एफ. घरंगळणाऱ्या भोपळ्यासकट ही गोष्ट इराणमध्येही सांगितली जाते.

ठक नेहमी जिंकतो का?

मुळीच नाही, आणि जिंकतच राहिला तर गोष्टी कंटाळवाण्या होतात. अनान्सी जगातली सगळी अक्कल एका मडक्यात भरतो, मडकं पोटावर बांधतो आणि झाडावर चढू लागतो. चढता येईना. खालून पोरगा म्हणतो, ‘बाबा, पाठीवर बांधा की!’ सगळी अक्कल मडक्यात असताना ही कुठून आली, या संतापात मडकं फुटतं. आणि ठक नुसता लबाडही नसतो. वायव्य अमेरिकेतला रेव्हन झाडाच्या सुईसारख्या पानाचं रूप घेऊन सरदाराच्या मुलीच्या पाण्यात पडतो, तिच्या पोटी जन्मतो, रडून रडून पेट्या उघडायला लावतो, आणि कोंडलेला उजेड जगाला मिळतो. हेतू स्वार्थाचा, फळ सगळ्यांना.

गोष्टीचा क्रमांक कसा शोधायचा?

वर्गीकरण आन्ती आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केलं, स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवलं, हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडलं. तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘एटीयू’. प्राणिकथा १ ते २९९.

आधी गोष्ट एका वाक्यात लिहा आणि त्यात प्राण्याचं नाव घालू नका: ‘बळी म्हणतो, हवा तो अवयव घरी राहिला.’ मग पात्रांवरून विभाग ठरवा. ९९ पर्यंत रानटी प्राणी आपसांत, १०० ते १४९ रानटी आणि पाळीव, १५० ते १९९ रानटी प्राणी आणि माणूस, २०० ते २१९ पाळीव, पुढे पक्षी, मासे वगैरे. माकड-मगर ९१, बोलणारी गुहा ६६ए, पिंजऱ्यातून सोडवलेला वाघ १५५, डांबराची बाहुली १७५. एका गोष्टीला दोन क्रमांक लागू पडले तर दोन्ही लिहा. लोककथा जोडकाम करूनच वाढतात. निव्वळ युक्ती शोधायची असेल तर थॉम्पसन यांच्या कथाबंध-सूचीचा ‘के’ विभाग उघडा, तो अख्खा फसवणुकीचा आहे. चिकट बाहुली के ७४१, काटेरी झुडूप के ५८१.२.

जुन्या पुस्तकांतले ‘एटी’ (आर्ने-थॉम्पसन) क्रमांक २००४ नंतर काही ठिकाणी बदलले किंवा एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून कोणत्या आवृत्तीचा क्रमांक ते नोंदवा. सूची युरोपाकडे कललेली आहे. आफ्रिकेतली किंवा अमेरिकेतल्या मूलनिवासींची गोष्ट तिच्यात सापडली नाही, म्हणून ती एकांडी आहे असं धरू नका.

सांगताना गोष्ट कुठे फसते?

बहुतेक वेळा वेळेत. मगरीने बेत फोडायचा तो पाण्याच्या मध्यावर. काठाजवळ फोडला तर माकड उडी मारून पळेल, थापेची गरजच काय? बोलणाऱ्या गुहेच्या कथेत कोल्हा आधी पावलं पाहतो: आत गेलेली आहेत, बाहेर आलेली नाहीत. मग हाक मारतो आणि थांबतो. शांतता. मग तक्रार: ‘अगं गुहे, रोज ओ देतेस, आज काय झालं?’ पुन्हा थांबतो. हे दुसरं थांबणं सिंहासाठी आहे. त्याला विचार करायला वेळ द्यावा लागतो. ऐकणाऱ्यांनाही.

दुसरी चूक म्हणजे मोठ्या प्राण्याला ठोंब्या करणं. त्याचं तर्कट त्याच्यापुरतं बरोबर असायला हवं.

तिसरी, गोष्ट हलवताना परिसर न तपासणं. अस्वलाने बर्फातल्या भोकात शेपूट सोडून मासे धरायचे आणि शेपूट गोठून तुटायची, ही गोष्ट पाणी गोठतं तिथेच चालते. जिथे गोठत नाही तिथल्या लोकांनी शेपटीला टोपली बांधून तिच्यात दगड भरले. मार्ग त्यांनीच काढून ठेवलाय, तो वापरा.

शेवटी तात्पर्य सांगावं का?

पंचतंत्राची रचनाच नीतीसाठी आहे, तिथे श्लोकासह सांगा. तोंडी ठककथांना ते बहुधा नसतंच. अशांती कथेकरी उलट सुरुवातीलाच बजावतो की आम्ही सांगतोय ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही. जमैकात गोष्ट संपताना कथेकरी तिच्यातल्या करणीची जबाबदारी झटकतो. ठकाचं वागणं अनुकरणासाठी नाही, हे या ठरीव वाक्यांनी आधीच सांगून झालेलं असतं. ती वाक्यं ठेवा, तात्पर्य सोडा.

गोष्ट टिपून घेताना काय काय नोंदवावं?

सांगणाऱ्याचं वय, भाषा, त्याने ती कुणाकडून ऐकली, कोणत्या प्रसंगी सांगतात, ऐकायला कोण होतं. आरंभीची आणि शेवटची ठरीव वाक्यं जशीच्या तशी. मधली गाणी आणि प्राण्यांचे आवाज शब्दशः. विसंगती सुधारू नका: पोटात गेलेला ससा पुढच्या वाक्यात बोलत असेल, तर बहुधा मधला तुकडा गळला आहे, आणि तो कदाचित शेजारच्या गावच्या रूपात मिळेल. जमलं तर त्याच माणसाकडून काही दिवसांनी पुन्हा ऐका. दोन्ही वेळा टिकलं ते गोष्टीचं हाड.

या सगळ्या गोष्टी कुणीही, कधीही सांगितल्या तर चालतात का?

नाही. नवाहो लोकांत कायोटीच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, साप आणि अस्वलं निजलेली असताना. हा नियम त्यांच्याकडे आजही पाळला जातो. उत्तर अमेरिकेत इतरत्रही असे ऋतूचे निर्बंध आहेत, आणि वायव्य किनाऱ्यावर काही कथांवर विशिष्ट कुळांचा हक्क असतो. पुस्तकात छापलेली आहे म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. अनेक जुने संग्रह कुणाला न विचारता छापले गेले. वर्गात किंवा कार्यक्रमात सांगायची असेल तर कोणत्या लोकांची, कुणी सांगितलेली, हे आधी सांगा. ऋतूचा नियम माहीत असेल तर उन्हाळ्यात दुसरी गोष्ट निवडा.